पाण्याच्या वाटेने तंजावरला

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



नववीच्या सहलीचे पत्र घरोघरी पोहोचल्यापासून कार्यालयातला दूरध्वनी शांत बसलेला नाही. हीरक महोत्सवाची सहल तंजावरला, हे बहुतेकांना मान्य आहे. ती सायकलींवरून, हे नाही. एका पालकांनी रोखठोक विचारले, "बाई, त्रिचीहून बसने दीड तासात गाठता येते ते गाव तीन दिवस पायडल मारत कशाला गाठायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभी आहे.

ही कल्पना मुळात माझी नव्हे. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी स्पेनमध्ये असते. तिने सुटीत भूमध्य समुद्राकाठच्या व्हॅलेन्सिया नगराभोवती चार दिवस सायकलने भ्रमंती केली. संत्र्यांच्या बागा, भाताची खाचरे, त्यांतून खेळवलेले पाट पाहत ती शेवटी शहरात शिरली. तेथे दर गुरुवारी भर दुपारी, मुख्य चर्चच्या दाराशी, शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच पाटाच्या पाण्याचे तंटे तोंडी निवाड्याने मिटवतात. ही प्रथा कित्येक शतकांची आहे. तिने लिहिले होते की, आधी पाट पाहिले नसते, तर तो न्याय म्हणजे प्रवाशांसाठी मांडलेला देखावा वाटला असता. पत्र वाचताना मला तंजावर आठवले.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही तीन शिक्षिका हा मार्ग सायकलने पाहून आलो. मैसूरहून निघणारी रात्रीची गाडी बेंगळुरूमार्गे पहाटे त्रिचीला सोडते. पहिल्या दिवशी श्रीरंगमहून कल्लणैपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर. हा बंधारा करिकाल चोळाचा मानला जातो, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अभियंता आर्थर कॉटन याने याच बंधाऱ्याचा अभ्यास करून कावेरीवर नवी कामे उभारली. येथे नदीच्या वाटा फुटतात, वाटांचे कालवे होतात, कालव्यांचे पाट. सायकलवर बसलेल्या मुलाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही, कारण रस्ता पाण्याच्या सोबतीनेच उतरत जातो. उतारही इतका मंद, की तो पायांना कळतो, डोळ्यांना नाही.

दुसऱ्या दिवशी तीसेक किलोमीटरवरचे तिरुवैयारू. नावाचा अर्थच पंचनद. कावेरीकाठी संत त्यागराजांची समाधी आहे, आणि त्या समाधीचे मंदिर उभारले ते बेंगळुरू नागरत्नम्मा या गायिकेने, स्वतःची मिळकत वेचून. तेथील आराधना-उत्सवात स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. तोही तिने मोडून काढला. "मुलींना कसे पाठवायचे?" असे ज्या मातांनी विचारले, त्यांना मी आपल्याच गावाचे नाव लावणाऱ्या या बाईंचे चरित्र वाचायला देईन.

तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेले तेरा किलोमीटर, आणि मग दोन दिवस तंजावर. इ. स. १०१० मध्ये राजराज चोळाने पूर्ण केलेले बृहदीश्वराचे दोनशे फुटांहून उंच शिखर बसमधून पाहिले तर नुसते अचंब्याचे वाटते. तीन दिवस भाताच्या शेतांतून आलेल्या मुलाला ते कशाच्या बळावर उभे राहिले, हे ठाऊक असते.

आता आपल्या नात्याविषयी. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र एकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि मराठी भाषा कावेरीकाठी गेली. एकोजींचे पुत्र दुसरे शहाजी यांनी तेथे मराठी नाटके लिहिली. (सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले, ही तिकडची लाडकी कथा, तिला इतिहास समजू नये. मुले मात्र ती नक्की घेऊन येतील.) १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या हाती किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख तेवढा उरला. त्या माणसाने काय केले? सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला आणि इसापनीतीच्या कथा मराठीत छापून घेतल्या. बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा दीर्घ इतिहास मराठीत कोरवला.

त्या भिंतीपाशी आम्हांला एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांचे मराठी ऐकून कान तृप्त झाले. शब्द जुने, हेल तमिळ. पण शिलालेख त्यांना वाचता येईना. घरात पिढ्यानपिढ्या मराठी टिकली, अक्षरे मात्र तमिळ झाली. आमच्यातल्या एकीने त्यांना दोन ओळी वाचून दाखवल्या; शब्द ओळखीचे लागताच ते मान डोलावत होते. आपली मुले घरी मराठी बोलतात आणि एकमेकांना निरोप रोमन अक्षरांत धाडतात. पहिलीचा पट दरवर्षी कसा उतरतो आहे, हेही येथे बसलेल्यांपासून लपलेले नाही. त्या भिंतीपुढे आपल्या मुलांनी उभे राहावे, असे मला वाटते ते यासाठी. प्रत्येकाने तेथील एक ओळ स्वतःच्या हाताने वहीत उतरवून आणायची आहे.

सुरक्षिततेचे थोडक्यात सांगते. महामार्ग पूर्णपणे टाळला आहे. आठ-आठ मुलांच्या तुकड्या, प्रत्येकीपुढे व मागे एक शिक्षक, सर्वांत शेवटी औषधपेटीसह टेम्पो. सकाळी सहाला निघायचे, साडेदहाला सायकली उभ्या करायच्या. शिरस्त्राण नसेल त्याला टेम्पोत बसावे लागेल, मग तो कोणाचाही मुलगा असो. ज्यांना सायकल येत नाही अशा पाच मुली आहेत. त्यांचा सराव सोमवारपासून मैदानावर सुरू होईल, आणि शिकवायला दोन माजी विद्यार्थी आपणहून पुढे आले आहेत.

संमतिपत्रे येत्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. सायकली दोन दिवस आधी टेम्पोत चढतील. ब्रेक आणि ट्यूब घरूनच तपासून पाठवाव्यात.