राखीव नौदल : एक विस्मृत पर्व

(तळोजा येथे झालेल्या व्याख्यानाचे संकलित रूप)



तळोजा परिसराला ‘राखीव’ हा शब्द नवा नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलाचा तळ याच भूमीवर आहे. परंतु नौदलालाही राखीव बळ लागते आणि ते सामान्य नागरिकांतूनच घडवावे लागते, याची जाणीव आपल्या समाजात अभावानेच आढळते. पनवेल परिसरातील खाड्या पुढे ठाण्याच्या खाडीला मिळतात. १६५७ नंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या परिसरात जहाजबांधणीस प्रारंभ केला, तो याच जलमार्गांच्या आधारे. त्या आरमारावर किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी होते. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्यासारखे अधिकारी होते. समुद्र जाणणारा समाज पाठीशी होता, म्हणूनच १६७९ मध्ये खांदेरीवर इंग्रजांचा विरोध असतानाही ठाणे उभे राहू शकले.

इंग्रजी अमदानीत हा धागा तुटला. किनाऱ्यावरची माणसे खलाशी म्हणून राहिली. अधिकाराची जागा मात्र परक्यांकडे गेली. १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले, तेव्हा भारतीय तरुणांना व्यापारी जहाजांवर अधिकारी होण्याची वाट प्रथमच मोकळी झाली. २ ऑक्टोबर १९३४ रोजी ‘रॉयल इंडियन नेव्ही’ची स्थापना झाली, पण तिचा विस्तार नाममात्रच होता.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध भडकले आणि सरकारची धावपळ उडाली. दोन हजारांच्याही आत असलेले मनुष्यबळ युद्धाच्या अखेरीस तीस हजारांच्या घरात गेले. ही भर पडली कोठून? व्यापारी जहाजांवरील अनुभवी मंडळींसाठी राखीव नौदल होते. ज्यांचा व्यवसाय समुद्राशी निगडित नव्हता, त्यांच्यासाठी स्वयंसेवी राखीव नौदल होते. नियमित अधिकाऱ्याच्या बाहीवर सरळ सोनेरी पट्टी असे, स्वयंसेवी अधिकाऱ्याच्या बाहीवर लाटेसारखी नागमोडी. पट्टी वेगळी, धोका मात्र एकच!

नागरिकाचा नौसैनिक करणे हे काही महिन्यांचे, पण कठोर शिस्तीचे काम होते. मुंबईत ‘फिरोज’ या केंद्रात राखीव दलाच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण चाले. कुलाब्याला ‘तलवार’ ही संदेशवहनाची शाळा होती, ठाण्याजवळ कोलशेतला ‘अकबर’ होते. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळ्यास यंत्र-अभियांत्रिकीचे ‘शिवाजी’ हे केंद्र सुरू झाले आणि ते आजही ‘आयएनएस शिवाजी’ म्हणून कार्यरत आहे.

राखीव दलाची योग्यता कसोटीला उतरली ती ११ नोव्हेंबर १९४२ रोजी. ‘बेंगाल’ ही लहानशी सुरुंगशोधक नौका ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत हिंदी महासागरातून येत होती. दोन मोठ्या, सशस्त्र जपानी जहाजांशी तिची गाठ पडली. पळ काढण्याऐवजी ती शत्रूवर चालून गेली. दोघांपैकी एक जपानी जहाज बुडाले. ‘बेंगाल’ आणि ‘ओंडिना’ दोन्ही बचावली. या नौकेचा कप्तान राखीव दलाचाच अधिकारी होता.

परंतु राज्यकर्त्यांची दृष्टी साम्राज्याच्या गरजेपुरतीच होती. युद्ध संपताच हजारो नौसैनिक ‘जादा’ ठरले. निकृष्ट अन्न, अपुरा पगार, गोऱ्या अधिकाऱ्यांकडून होणारा अपमान आणि घरी परतल्यावर काय, हा प्रश्न. या साऱ्याचा स्फोट १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वर झाला. पाहता पाहता मुंबई, कराचीसह ठिकठिकाणच्या नौका आणि किनाऱ्यावरील केंद्रे उठावात उतरली; कोलशेतचे ‘अकबर’ही त्यात होते. २३ फेब्रुवारीला उठाव थांबला. अनेक नौसैनिक बडतर्फ झाले आणि स्वतंत्र भारताच्या नौदलातही त्यांना परत स्थान मिळाले नाही. ज्यांना शिकवले, ज्यांच्याकडून लढवून घेतले, त्यांना वाऱ्यावर सोडले, तर पुढच्या हाकेला कोण धावून येणार?

फाळणीने दुसरा आघात केला. नौदलाची महत्त्वाची प्रशिक्षण केंद्रे कराचीत होती. तोफखान्याचे ‘हिमालय’, मुलांच्या भरतीचे ‘बहादूर’ ही सारी पाकिस्तानकडे गेली. जहाजे वाटून घेता येतात. शाळा मात्र पुन्हा उभारावी लागते. अशा काळात राखीव दलातून आलेले अधिकारी राष्ट्राच्या कामी आले. ‘डफरिन’च्या पहिल्या तुकडीतील रामदास कटारी राखीव दलामार्गे नौदलात आले आणि १९५८ मध्ये पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. कराची बंदराजवळच्या मनोरा बेटावर ज्यांचे बालपण गेले, ते सरदारीलाल मथरादास नंदा १९४१ मध्ये स्वयंसेवी राखीव दलात दाखल झाले. तीस वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढविला, तेव्हा नौदलप्रमुखपदी तेच होते! युद्धापुरता घेतलेला तरुण पुढे राष्ट्राला काय देऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

स्वतंत्र भारताने राष्ट्रीय छात्रसेनेच्या रूपाने हे काम शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेले. १९४८ मध्ये छात्रसेना स्थापन झाली आणि १९५२ मध्ये तिचा नौदल विभाग सुरू झाला. वल्ही मारणे, शीड सांभाळणे, दोरांच्या गाठी, झेंड्यांच्या खुणांनी संदेश देणे यांचे धडे तेथे मिळतात. ‘डफरिन’ची परंपराही खंडित झालेली नाही. १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने तिची जागा घेतली आणि १९९३ पासून ‘चाणक्य’ हे केंद्र नवी मुंबईतच, तळोज्यापासून हाकेच्या अंतरावर उभे आहे.

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. १९९३ मध्ये मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके याच रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनजवळ शेखाडी येथे उतरविण्यात आली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी समुद्रमार्गेच मुंबईत शिरले. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी युद्धनौका उभी राहू शकत नाही. तेथे लागतो तो सावध, प्रशिक्षित नागरिक. किनाऱ्यावरील गावांतून सागर रक्षक दल उभे राहिले ते याच जाणिवेतून. त्या कोळी-आगरी तरुणांना नियमित प्रशिक्षण, साधने आणि सन्मान मिळतो का, हे पाहणे समाजाचेही कर्तव्य आहे.

राखीव नौदलाचा इतिहास दोन गोष्टी शिकवितो. संकट दारात आल्यावर नौसैनिक घडविता येत नाही, त्याची तयारी शांततेच्या काळातच करावी लागते. आणि ज्याने संकटात साथ दिली, त्याला संकट टळल्यावर विसरणाऱ्या राज्यव्यवस्थेवर लोकांचा विश्वास उरत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले. त्या अंगात रक्त खेळते राहायचे असेल, तर खाडीकाठच्या प्रत्येक शाळेतून निदान काही मुले-मुली छात्रसेनेच्या नौदल विभागाकडे वळली पाहिजेत. आरंभ तळोजा-पनवेलपासून व्हावा, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.