पिकअपचा क्लच आणि ताईंचा गुडघा

आज आम्ही कर्जाचे हप्ते, वह्या, ठराव यांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल. हसू नका. आमच्या ग्रामसंघाचे ४५ हजार रुपये या गिअरबॉक्सपायी जवळजवळ गेलेच होते.

आमच्याकडे एक जुनी पिकअप आहे. ओतूरच्या बाजूच्या गावांतून भाजी भरायची, रात्री माळशेज घाट उतरायचा आणि पहाटे कल्याणच्या मार्केटला माल लावायचा, हे तिचं काम. गाडी चालवतात आमच्याच एका गटातल्या ताई. पहिल्यांदा त्या घाट उतरल्या तेव्हा मार्केटमधले हमाल गाडीभोवती गोळा झाले होते. आता कुणी बघतही नाही, उलट "ताई, आज उशीर?" असं विचारतात.

पण गेल्या वर्षापासून ताईंचा डावा गुडघा दुखायला लागला. क्लच डाव्या पायाने दाबायचा. घाटात दाबायचा, कल्याणच्या गर्दीत दर दहा पावलांवर दाबायचा, मार्केटच्या गेटवरच्या रांगेत तर दाबूनच धरायचा. डॉक्टर म्हणाले, पायावरचा ताण कमी करा. ताईंनी गाडी सोडली तर बाहेरचा ड्रायव्हर लावावा लागणार आणि प्रत्येक खेपेचा नफा त्याच्या पगारात जाणार. आणि ताईंना गाडी सोडायची नव्हती, हेही सांगायला हवं.

तेवढ्यात एका सखीच्या मुलाने मोबाईलवर अमेरिकेतला व्हिडिओ दाखवला. साठ-सत्तर वर्षांची जुनी पिकअप, तिचा जुना गिअरबॉक्स काढला, नवा ऑटोमॅटिक बसवला. क्लचचं पेडलच नाही! आम्ही सगळ्या बघतच राहिलो. तालुक्याच्या गावातल्या एका गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, भंगारातून ऑटोमॅटिक आणतो, ४५ हजारांत बसवून देतो, निम्मे आधी द्या. पुढच्या बैठकीत ठराव होणार होता. हिशेब बघणाऱ्या आमच्या काकू एवढंच म्हणाल्या, "काय काय बदलणार ते कागदावर लिहून द्या म्हणावं." त्याने काही लिहून दिलं नाही. म्हणून आम्ही ट्रकचं काम करण्यात हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. सोबत एका ताईंची पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शिकणारी मुलगी होती. त्या दोघांकडून जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

क्लच म्हणजे काय? इंजिन सारखं फिरत असतं, चाकं मात्र कधी फिरायची, कधी थांबायची. दोघांना जोडणारी आणि सोडवणारी चकती म्हणजे क्लच. पट्ट्यावर चालणारी जुनी पिठाची गिरणी आठवा. पट्टा रिकाम्या चाकावर सरकवला की मोटर चालू राहते आणि जातं थांबतं, तसंच हे. ऑटोमॅटिकमध्ये त्या चकतीच्या जागी तेलाने भरलेलं भांडं असतं, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरतो. इथे वाऱ्याऐवजी तेल असतं. गाडी उभी असली तर तेल नुसतं घुसळत राहतं, म्हणून इंजिन बंद पडत नाही आणि पाय दाबावा लागत नाही. पुढचे गिअरही तेलाच्या दाबाने आपोआप बदलतात.

मग अमेरिकेत हे एवढं सहज कसं होतं? त्या मुलीने आम्हाला हे छान समजावलं. गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीला बोल्टांनी जोडलेला असतो. शेवरोले कंपनीने १९५५ सालच्या व्ही-८ इंजिनापासून त्या बोल्टांची मांडणी पुढे कित्येक दशकं तीच ठेवली. त्यामुळे १९८२ साली आलेला त्यांचा चार गिअरचा ऑटोमॅटिक, त्याला तिकडे सातशे-आर-चार म्हणतात, त्याच घरातल्या कितीतरी जुन्या इंजिनाला थेट बसतो. त्याआधीच्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला मात्र मध्ये वेगळी प्लेट लागते. त्या जुन्या पिकअपांना बहुतेक तीनच गिअर, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर इंजिन ओरडत राहायचं. नव्याच्या चौथ्या गिअरचं प्रमाण ०.७०. म्हणजे त्याच वेगाला इंजिन ३,००० फेरे घेत असेल तर आता २,१००. तिकडच्या लोकांना मुख्यतः ते हवं असतं. गुडघा वाचतो तो वरचा फायदा.

आमच्या डिझेल पिकअपला असं घरचं भावंड नाही. मिस्त्रींनी बोटं मोजायला सुरुवात केली. बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मधली प्लेट खरादावर करून घ्यायची, आणि ती केसभर जरी वाकडी झाली तर पुढचं तेलाचं सील आणि पंप जाणार. फ्लायव्हील काढून दुसरी चकती लावायची. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून त्याखालचा आडवा आधार सरकवायचा आणि मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा तोलात जोडायचा. ऑटोमॅटिकचं तेल फार तापतं, त्याला थंड करायला वेगळा कूलर हवा. घाट चढणाऱ्या भरल्या गाडीला तर हवाच हवा.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे तुम्ही अॅक्सिलरेटर किती दाबलाय हे गिअरबॉक्सला कळायला हवं. त्या सातशे-आर-चारमध्ये हे एका केबलने कळतं. ती केबल चुकीची लावली तर तेलाचा दाब कमी पडतो, आतल्या चकत्या घसरतात आणि गिअरबॉक्स जळतो. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सला कॉम्प्युटर लागतो, सेन्सर लागतात. आमच्या जुन्या डिझेल इंजिनावर यातलं काहीच नाही. "गिअरबॉक्स ४५ हजारांत येईलही," मिस्त्री म्हणाले, "पण बाकीचं कोण देणार?"

आणखी एक गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. बॅटरी उतरली की आपण सगळ्या मिळून गाडीला धक्का देतो. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. इंजिन बंद असलं की आतला तेलाचा पंप बंद, पंप बंद तर दाब नाही, आणि दाब नाही तर चाकांचं फिरणं इंजिनापर्यंत पोचतच नाही. मागची चाकं रस्त्यावर ठेवून तिला लांबवर ओढूनही नेता येत नाही, आत तेल न मिळाल्याने ती खराब होते. माळशेजमध्ये रात्री दोन वाजता हे आठवून बघा. घाट उतरतानाही दांडा डी वर ठेवून निर्धास्त बसायचं नाही, हाताने खालच्या गिअरवर आणायचा, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मनाने करता येत नाही. आपली गाडी माल वाहणारी, आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की दरवर्षी फिटनेसला उभी राहणारी. म्हणून असं कोणतंही काम काढण्याआधी आरटीओत लेखी विचारायचं आणि विमा कंपनीलाही कळवायचं. तो पहिला गॅरेजवाला यातलं एक अक्षरही बोलला नव्हता.

तर आम्ही ऑटोमॅटिक बसवला नाही. मिस्त्रींनी ताईंना गाडीत बसवलं आणि स्वतः हाताने पेडल दाबून पाहिलं. म्हणाले, "अहो, हा क्लच एवढा जड नसतोच!" केबल आतून तुटत आलेली, कोरडी पडलेली. प्लेट झिजलेली. आम्ही वर्षभर गुडघ्याला औषध लावत होतो आणि गाडीकडे कुणी बघितलंच नव्हतं. क्लचचा सेट, नवी केबल आणि मजुरी मिळून ७,५०० रुपये झाले. पेडल निम्म्याने हलकं झालं असं ताई म्हणतात. मिस्त्रींनी एक सवयही मोडायला लावली. रांगेत क्लच दाबून उभं राहायचं नाही. न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, पाय मोकळा सोडायचा. गुडघा तर वाचतोच, क्लचचं बेअरिंगही टिकतं.

उरलेल्या पैशांतून दुसऱ्या एका सखीला ड्रायव्हिंग स्कूलला घातलं. ती सध्या दिवसा जुन्नरपर्यंत चालवते, घाटात अजून ताईच. आठवड्याच्या चार खेपा होत्या, त्यातल्या दोन आता ताईंकडे आहेत. गुडघा पूर्ण बरा झाला असं आम्ही म्हणणार नाही. थंडीत दुखतोच.

ताईंच्या मनातून मात्र ऑटोमॅटिक गेलेला नाही. आता छोट्या गाड्यांमध्ये कंपनीकडूनच बिनक्लचची सोय येते. आपल्याकडे २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओत ती आली, त्यात गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. ही पिकअप निघाली की पुढची गाडी तशी बघायची, असं ताईंनी बैठकीत सांगून ठेवलंय. काकूंनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली त्यांच्या पद्धतीने एक ओळ जोडली: "भाव कागदावर घेणे."