हॅरोल्ड ब्लॅक आणि त्यांचा प्रवर्धक

दूरध्वनीवरचे बोलणे तारेवाटे शेकडो मैल न्यावयाचे तर ते वाटेत ठिकठिकाणी प्रवर्धकाने सबळ करावे लागते. परंतु व्हॉल्व्हचा प्रत्येक प्रवर्धक आवाजात आपली विकृतीही मिसळीत असल्यामुळे, टप्पे वाढत तशी ती साचत जाई, आणि एकाच तारेवरून अनेक संभाषणे पाठवू गेल्यास एकाचे शब्द दुसऱ्याच्या बोलण्यात शिरत. १९२१ साली वुस्टरच्या पॉलिटेक्निकची पदवी घेऊन वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या चाकरीत रुजू झालेल्या हॅरोल्ड ब्लॅक यांनी हे दुखणे आपल्या अभ्यासाचा विषय केले.

१९२३ साली त्यांनी विकृती निराळी काढून ती दुसऱ्या प्रवर्धकाने उलट मिसळण्याची युक्ती योजिली. ती खरी ठरली; पण यंत्रणा इतकी नाजूक, की तिच्यावर अहोरात्र पहारा ठेवावा लागावा.

पुढे २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी, कामावर जाताना हडसन नदीवरील फेरीबोटीत उत्तर त्यांना अकस्मात गवसले, आणि हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कोऱ्या राहिलेल्या पानावर त्यांनी आकृती व समीकरणे मांडली. प्रवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा अंश उलटा करून पुन्हा आरंभी आणावा, एवढीच ती कल्पना. असे केल्याने प्रवर्धन पुष्कळच घटते हे खरे, परंतु विकृतीही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते, आणि उरलेले प्रवर्धन व्हॉल्व्हच्या लहरीवर न राहता परतीच्या मार्गातील स्थिर घटकांवर अवलंबून राहते. जे प्रवर्धन मिळविण्यासाठी सारे संशोधक झटत होते, तेच शुद्धतेसाठी मुद्दाम खर्ची घालण्याचे हे धैर्य मला त्यांच्या गणितापेक्षाही थोर वाटते. त्याच वर्षी २९ डिसेंबर रोजी केलेल्या प्रयोगात विकृती ५० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या हिशेबाने एक लक्षांशावर, उतरली.

पेटंट कचेरीला मात्र हे पटेना. १९२८ साली दाखल केलेला अर्ज मंजूर होण्यास १९३७ चा डिसेंबर उजाडला. एक शंका रास्तही होती, कारण परत आणलेला संदेश एखाद्या कंप्रतेस सुलट होऊन पोहोचला, तर प्रवर्धक आपणच गाऊ लागतो; ते केव्हा घडेल याचा निकष अभियंते हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ साली सिद्ध केला, आणि १९३४ साली ब्लॅक यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला.

१९५३ साली मॉड्युलेशनच्या सिद्धान्तावर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यात संदेश सांकेतिक स्पंदांच्या रूपाने पाठविण्याचाही विचार आहे. त्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर स्पंद नव्याने घडविता येत असल्यामुळे विकृती साचावयास जागाच उरत नाही.