बसायला जागा देणारी शहरं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आवडतं शहर, लोकांनी उगाच डोक्यावर घेतलेलं शहर आणि एकदा तरी पाहावं असं वाटणारं शहर, या तिन्हींविषयी बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. माझा अधिकार म्हणाल तर मी बावीस वर्षं एसटीत वाहक होतो. म्हणजे शहरं पुष्कळ पाहिली, पण फलाटापासून कॅन्टीनपर्यंत. मुक्कामी गाडी घेऊन रात्री साडेदहाला शहरात शिरायचं, हिशेब जुळवायचा, गाडीतच पथारी पसरायची आणि पहाटे साडेपाचला डबल बेल देऊन निघायचं. अशा माणसाच्या ध्यानात किल्ले आणि बागा राहत नाहीत. नळाला पाणी होतं का आणि बाकावरून कुणी उठवलं का, एवढंच राहतं.

त्यामुळे शहर मोजायची माझी पट्टी साधी आहे. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही आणि आपल्या खिशातही काही नाही, तिथं ‘बसा’ म्हणणारं कुणी भेटतं का? भेटलं तर ते शहर चांगलं. बाकी सगळी रोषणाई.

या पट्टीनं मोजलं तर माझं सर्वांत आवडतं शहर मिरज. हे नाव घेतलं की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. मिरज म्हणजे लोकांच्या लेखी गाडी बदलायचं जंक्शन, नाहीतर आजारी माणसाला न्यायचं ठिकाण. डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उभारलं, आणि दक्षिण महाराष्ट्राची, उत्तर कर्नाटकाची दुखणी मिरजेच्या वाटेला लागली. १९७९ च्या उन्हाळ्यात आमचंही दुखणं त्याच वाटेनं गेलं. मी आठ वर्षांचा होतो. अम्माच्या पोटाचं ऑपरेशन होतं. अब्बा गावात शिवणकाम करायचे; मशीन गहाण टाकून आम्ही आलो होतो. दिवसभर ते दवाखान्यात, आणि मी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. ‘इथनं हलू नको’ असं ते बजावून जात. आठ वर्षांचं पोर न हलता किती वेळ बसणार?

एका दुपारी मी जवळच्या गल्लीत शिरलो. एका दुकानात भोपळेच भोपळे टांगलेले. मला वाटलं, भाजीचं दुकान. आत एक म्हातारे कारागीर मांडीवर तंबोरा घेऊन, घोडीवर कानस फिरवत जवारी काढत होते. जरा घासायचं, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा घासायचं. मी दारात उभा. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “बस की रं. उन्हात काय हिंडतोस?”

मी बसलो. पुढचे नऊ दिवस रोज बसलो. त्यांनी मला गाव विचारलं, जात-धर्म विचारला नाही. आणि अम्माचं विचारलं ते रोज विचारलं. भोपळे पंढरपूरच्या बाजूनं येतात आणि सगळ्यात अवघड काम जवारीचं असतं, कारण ती डोळ्यांनी नाही, कानांनी काढायची असते, हे मला तिथं कळलं. पुढं कवितेच्या नादी लागल्यावर मला गुरू कोण, असं कुणी विचारलं की ती कानस आठवते. ओळ लिहायची, वाचायची, कान द्यायचा, पुन्हा घासायची.

नंतर समजलं, की हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथं सतारी घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. तलवारीचे हात सतारीला लागले. त्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच दर्ग्याच्या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूर तहानेनं कासावीस असताना, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून पहिली रेल्वे निघाली ती मिरजेतूनच. मिरज सुंदर आहे असं माझं म्हणणं नाही. रस्त्यांबद्दल तर मी एसटीचा माणूस आहे, मला बोलायला लावू नका. पण अम्मा तिथून बरी होऊन चालत बाहेर आली आणि त्यानंतर बत्तीस वर्षं जगली.

आता डोक्यावर घेतलेलं शहर. ते म्हणजे दुबई. २०१८ मध्ये माझ्या भाच्यानं तिकीट पाठवून मला बोलावून घेतलं. निघताना अख्खी गल्ली निरोप द्यायला आली होती. आठशे अठ्ठावीस मीटर उंच बुर्ज खलिफा मी पाहिला; पाहताना टोपी पडते म्हणतात, माझी मानच धरली. कारंजी पाहिली, सोन्याचा बाजार पाहिला. सगळं झकपक, सगळं थंडगार. पण तिसऱ्या दिवशी मॉलमध्ये पाय दुखायला लागले, तेव्हा ध्यानात आलं, की इथं बसायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं. एक दिरहम देऊन खाडी ओलांडणारी होडी तेवढी मला आवडली. तिच्यात सगळे खेटून बसतात, अगदी आमच्या गाडीसारखे. वाहक म्हणून दोनदा माझा हात नसलेल्या तिकिटांच्या ट्रेकडे गेला.

परत आल्यावर मी सगळीकडे सांगत सुटलो, की दुबईत काही अर्थ नाही. पण खरं सांगायचं तर त्या प्रवासातली एक संध्याकाळ मी कुणाला सांगितली नव्हती. भाचा मला त्याच्या जुन्या खोलीवर घेऊन गेला होता, तो पहिली चार वर्षं जिथं राहिला तिथं. कामगारांच्या त्या वस्तीला आपली हिंदुस्थानी मंडळी सोनापूर म्हणतात. म्हणजे सोन्याचं गाव. मी दचकलो. आपल्या मुंबईत सोनापूर कशाला म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. एका खोलीत वरखाली पलंग, दोरीवर कपडे. एक अनोळखी पोरगा, बहुधा बिहारचा असावा, पलंगाच्या कडेला सरकला, टॉवेलनं गादी झटकली आणि म्हणाला, “बैठिए, चाचा.” माझ्या बहिणीच्या घराच्या भिंती, भाचीचं लग्न, अम्माच्या शेवटच्या आजारपणातली औषधं, सगळं त्या खोलीतून आलेलं होतं.

तेव्हा माझं मत मी दुरुस्त करून घेतो. ज्या दुबईची छायाचित्रं लोक दाखवतात, ती उगाच डोक्यावर घेतलेली आहे. जिचं छायाचित्र कुणी घरी पाठवत नाही, तिला आपण अजून पुरतं मोजलेलंच नाही.

आता तिसरं, स्वप्नातलं शहर. इथं माझी जरा पंचाईत होते. लोक प्रश्न मला विचारतात, पण उत्तर माझ्या नावाकडे बघून आधीच ठरवतात. एका कविसंमेलनात सूत्रसंचालकांनी मोठ्या प्रेमानं विचारलं, “तुम्हाला इस्तंबूल पाहावंसं वाटत असेल, नाही? की समरकंद?” मी म्हटलं, “हजचं बोलावणं आलं तर जाईन. ते स्वप्न नव्हे, कर्तव्य आहे. पण स्वप्नात मला तंजावर दिसतं.” सभागृहात थोडं हसू झालं. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

विनोद नव्हता. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे १६७५ च्या सुमारास तंजावरला गेले आणि भोसल्यांची गादी तिथं १८५५ पर्यंत राहिली. तमिळ मुलखात, कावेरीच्या काठी, आपल्या भाषेला कुणीतरी ‘बस’ म्हटलं आणि ती पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ बसली. नुसती बसली नाही, कामाला लागली. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं आणि मराठी नाटक जन्मलं, असं आम्ही शाळेत शिकलो. पण त्याआधी सुमारे दीडशे वर्षं तंजावरचे शहाजीराजे मराठीत नाटकं लिहीत होते. सरफोजीराजांनी सरस्वती महालात ग्रंथ जमवले, डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करून त्यांच्या नोंदी ठेवल्या. राजराज चोळानं १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्या भिंतीपाशी उभं राहून मला तो मोठ्यानं वाचायचा आहे. पुरातत्त्व खात्याचा पहारेकरी हटकेपर्यंत.

या नाटककार शहाजीराजांचं नाव तरी कुठून आलं? आजोबांकडून, शिवरायांचे वडील शहाजीराजे यांच्याकडून. आणि त्यांचं? नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिराला मालोजीराजांनी नवस केला, दोन मुलं झाली, म्हणून एकाचं नाव शहाजी ठेवलं आणि दुसऱ्याचं शरीफजी, असं परंपरा सांगते. म्हणजे एका फकिराचं नाव मराठी घराण्यातून तंजावरला पोचलं. तिथल्या लोकांनी उपकार फेडले असंही मी म्हणेन. तंजावरपासून पुढं समुद्राकडे नागोरला शाहुल हमीद यांचा दर्गा आहे. त्याच्या पाच मिनारांतला सर्वांत उंच, एकशे एकतीस फुटांचा मिनार बांधला तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं बांधला. आता निजा.”

मिरजेहून तंजावरकडे जाणारी वाट मला आणखी एका माणसानं दाखवली आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्टेशनावर वारले. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. माझ्या लहानपणीच्या त्या आवारात दरवर्षी त्यांच्या स्मृतीत गाणं होतं. त्यांनी दक्षिणेच्या संगीताकडे कान दिला, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना जवळ बसवलं. मिरजेत भोपळ्याचा तंबोरा, तंजावरात फणसाच्या लाकडाची वीणा. दोन्हीकडे जवारीचा माणूस सारखाच कान देत असेल, असं मला वाटतं.

पण या सगळ्याहून मोठं कारण वेगळं आहे, आणि ते बोलायला मला थोडा वेळ लागतो. गेली तीस वर्षं मी मराठीत लिहितो. कार्यक्रम संपला की कुणी ना कुणी जवळ येऊन म्हणतं, “वा! तुमचं मराठी फारच छान आहे हो.” बोलणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं. मीही ‘आभारी आहे’ म्हणतो. पण परत येताना गाडीत वाटत राहतं, की ही स्तुती आपण पाहुण्याची करतो. घरच्या पोराला कुणी म्हणत नाही, की तू तुझ्या आईशी किती छान बोलतोस. घरी आम्ही दखनी बोलतो हे खरं. पण अब्बांनी गिऱ्हाइकांची मापं मराठीत लिहिली, माझी पहिली शिवी मराठी होती आणि पहिली कविताही.

तंजावरला आजही मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या बोलीत तमिळ मिसळलेली आहे, आपल्या कानांना ती वेगळी लागते. आपल्याकडचे लोक तिकडे जाऊन त्यांनाही म्हणत असणार, “अरे वा, तुमचं मराठी छान आहे!” त्यांच्यापैकी एखाद्याच्या ओसरीवर मला तासभर बसायचं आहे. मी त्यांच्या मराठीचं कौतुक करणार नाही आणि त्यांनी माझ्या मराठीचं करू नये. पाऊसपाणी, मुलांची शिक्षणं, गुडघेदुखी असं काहीतरी बोलावं. भाषा मधे न येता भाषेत बोलावं, एवढंच माझं स्वप्न.

मग गेलो का नाही? वाहकाची रजा, मुलीचं लग्न, ही कारणं होतीच. २०२० च्या एप्रिलची तिकिटं काढली, तर मार्चमध्येच रेल्वे बंद झाल्या. पैसे परत मिळाले. नंतर मात्र सबब उरली नाही, भीती उरली. ओसरीवर बसलो आणि तिथंही कुणी विचारलं, “तुम्ही मराठी कसे?”, तर? मग मी स्वप्न कुठं ठेवू?

परवा हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “विचारलं तर सांगा, बावीस वर्षं मराठीत तिकिटं फाडली. दुबईला जाताना भ्याला नाहीत, आणि आपल्याच माणसांकडे जायला भिता?” आणि उठून तिनं माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली. ती बॅग आज दहा दिवस दाराशी आहे. येता-जाता पायाला लागते.

पोंगल झाल्यावर निघावं म्हणतो. नागोरला प्रतापसिंहांच्या मिनाराखाली आपल्या सर्वांच्या नावे एक गलेफ चढवीन, आणि जमलं तर तिथून मिरजेच्या त्या दुकानाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकीन. ते कारागीर आता हयात नाहीत. पण भोपळे अजून टांगलेले आहेत, आणि कुणीतरी वाचेल.