एकराने विकायचे आणि खोलीने भाड्याने घ्यायचे
(जिल्हा मेळाव्यातील भाषणावरून)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात पिंपरी-चिंचवडच्या घरांची गोष्ट कशाला, असे कोणाला वाटेल. ज्यांचा मुलगा, पुतण्या किंवा भाचा भोसरीला, चाकणला, तळवड्याला कामाला आहे, त्यांनी हात वर करावेत. पाहा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. म्हणजे ही परमुलखातली गोष्ट नाही. पऱ्हाटीतून जे निघत नाही ते मिळवायला पोरे तिकडे गेली, आणि पगाराचा मोठा वाटा दर महिन्याला खोलीच्या भाड्यात ठेवून येतात.

चाकण हे नाव जुन्या कार्यकर्त्यांना कांद्यामुळे ठाऊक आहे. 1980 साली कांद्याच्या भावासाठी तिथे रस्ता अडवला गेला. तेव्हा म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी ही गावे बरीचशी आपल्यासारखीच होती. पाऊस पडला तर पीक. आज त्याच पट्ट्यात बजाज, महिंद्र, फोक्सवॅगनचे कारखाने उभे आहेत. कारखान्यांना आमचा विरोध नाही. शेती ज्यांना पोसू शकत नाही ते हात कुठेतरी कामाला लागलेच पाहिजेत. प्रश्न एवढाच की जमिनीची किंमत वाढली, ती वाढ कोणाच्या पदरात पडली?

आम्ही शेतकी कॉलेजात जमिनीची प्रत शिकलो ती मातीवरून. काळी किती खोल, निचरा कसा, चुनखडी किती, ओल किती दिवस टिकते. घरांच्या बाजारात यातले काहीच चालत नाही. तिथे प्रत ठरते विकास आराखड्याच्या नकाशावरून. हिरवा रंग म्हणजे शेती, पिवळा म्हणजे राहण्याची घरे. एका रात्रीत हिरव्याचा पिवळा होतो आणि खडकाळ माळ सोन्याचा होतो. मातीत काही बदल नाही, कष्टात काही भर नाही. रंग बदलणार हे ज्याला आधी कळते तो आधी इसार देऊन जातो. ज्याला पेपरात वाचून कळते त्याने तोवर अंगठा दिलेला असतो.

आता हिशेब मांडू. शेतकरी जमीन एकराने विकतो, दलाल गुंठ्याने, बिल्डर चौरस फुटाने. समजा, एकर 40 लाखांना गेला. आकडा ऐकून घरात पेढे वाटले जातात. पण भागाकार करा. एकराचे 40 गुंठे, म्हणजे गुंठा एक लाखाला. गुंठ्याचे 1089 चौरस फूट, म्हणजे फुटाला 92 रुपयेसुद्धा पडले नाहीत. पुढे त्याच जागेवर मजल्यावर मजला चढतो आणि तीच जमीन पाच-सात वेळा विकली जाते. रस्ते सोडावे लागतात, सिमेंट-लोखंडाला पैसा लागतो, हे मान्य. पण मोजमाप बदलले की मालक बदलतो, हे ध्यानात ठेवा.

एकर स्वस्त का जातो? कारण त्यात पिकणाऱ्या मालाला भाव नाही. शिवाय कुळकायद्याने शेतजमीन एरवी शेतकऱ्यालाच विकता येते. म्हणजे गिऱ्हाईकही आपल्यासारखेच फाटके. बिगरशेतीचा शिक्का बसला की साऱ्या दुनियेला ती घेता येते. शिक्क्याच्या आधी आपण विकतो, शिक्क्याच्या नंतर दुसरा विकतो.

सरकारने हे ओळखले नव्हते असे नाही. 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, ते कामगारांना परवडणारी घरे आणि भूखंड मिळावेत म्हणून. निगडी, आकुर्डी, वाल्हेकरवाडी, थेरगाव अशा गावांच्या जमिनी त्यासाठी संपादनात आल्या. भूखंड 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. पण कारखान्याच्या वेगाने घरे झाली नाहीत. कामगार थांबू शकत नव्हता. त्याने जुन्या मालकाकडून नोटरीच्या कागदावर अर्धा-एक गुंठा घेतला आणि पोटाला चिमटा काढून घर बांधले. ते घर अनधिकृत ठरले. ज्याच्या नावाने प्राधिकरण काढले त्याच कामगाराच्या दारात प्राधिकरणाची नोटीस आली. आणि ज्यांच्या जमिनी सुरुवातीच्या वर्षांत गेल्या, ते साडेबारा टक्के परताव्यासाठी दशकानुदशके हेलपाटे घालत राहिले. 2021 साली प्राधिकरणच दुसऱ्या यंत्रणेत विलीन झाले.

अशा गावात आता चार थर झाले आहेत. ज्याने थोडी जमीन राखून खोल्या बांधल्या तो भाड्यावर जगतो. ज्याने सगळी विकली त्याच्या दारात गाडी आली, वर्षा-दोन वर्षांत दिवाळी संपली, आणि त्याची पोरे कारखान्याच्या गेटवर कंत्राटदाराकडे उभी आहेत. ज्याच्याकडे सातबारा कधी नव्हताच, तो शेतमजूर आणि वाटेकरी, त्याचे काम गेले आणि मोबदल्याच्या यादीत नाव नाही. चौथा थर म्हणजे आपली पोरे, भाडेकरू. आणि या चारही थरांच्या खाली बहिणी. बापाच्या जमिनीला भाव आला त्याच आठवड्यात त्यांना माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि साडी-चोळीवर बोळवण करतात. मुलीला मुलाइतका हिस्सा महाराष्ट्राने 1994 साली कायद्याने दिला आहे.

म्हाळुंगे-खराबवाडीकडच्या खोल्या आम्ही पाहिल्या आहेत. दहा बाय दहाची खोली, पत्र्याचे छप्पर, ओळीच्या टोकाला सामाईक संडास. दिवसपाळीचा उठतो त्या जागेवर रात्रपाळीचा झोपतो. भाडे रोख, पावती नाही. पावती नाही म्हणून पत्ता नाही. बोनस झाला की खोलीवाला भाडे वाढवतो. खोलीवालाही कालचा शेतकरीच आहे. त्याला शिव्या देऊन काही साधत नाही. घरे कमी आणि माणसे जास्त, म्हणून हे होते. पण कापसाच्या घरातला पोरगा आयुष्यभर राबूनही त्या गावचा होत नाही, आणि इकडे गाव त्याच्या हातून सुटते, याचे दुःख मोठे आहे.

वेगळे काही घडूच शकत नाही काय? पुण्याशेजारी हडपसरला मगर मंडळींनी घडवले. सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर, आणि मगरपट्टा नगर स्वतः बांधले. म्हणजे एकर, गुंठा आणि फूट, तिन्ही मोजमापे त्यांनी आपल्याच हातात ठेवली. त्यांची जमीन शहराला लागून होती, बरेचसे एकमेकांचे भाऊबंद होते. सर्वांना ते जमेल असे आम्ही म्हणणार नाही. आणि नुसता कागदावरचा वाटा पुरत नाही. खेड तालुक्यात कनेरसर, निमगाव, दावडी, केळगावच्या शेतकऱ्यांना सेझमध्ये 15 टक्के विकसित जमिनीचे वचन मिळाले होते. तेवढ्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले.

ही वेळ आता आपल्या दारात आली आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 2025 साली पूर्ण खुला झाला. शेंद्रा-बिडकीनला कापसाच्या शिवारात उद्योगनगरी उभी राहते आहे. पांढऱ्या गाड्या बांधावर थांबू लागल्या आहेत. म्हणून चार कामे सांगतो.

पहिले, खरेदीखतात किंमत कमी दाखवू नका. संपादनाच्या 2013 च्या कायद्यात बाजारभाव ठरवताना आसपासची मागच्या तीन वर्षांतली नोंदलेली खरेदीखते बघतात. आज मुद्रांक शुल्क वाचवाल तर उद्या साऱ्या गावाचा मोबदला बुडवाल.

दुसरे, कुलमुखत्यारपत्रावर वाचल्याशिवाय, वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. गरज पडली तर थोडे विका, सगळे नाही. एकट्याने बोलणी करू नका. गावाने एक भाव, एक कागद ठरवावा.

तिसरे, बहिणीची सही घ्यायची तर तिचा हिस्सा देऊनच घ्या, आणि वाटेकऱ्याचे नाव तुमच्या मागणीपत्रात घाला.

चौथे, तिकडच्या पोरांना कळवा, भाडेकरार आणि पावती मागा. गावातल्या रेशनकार्डावर तिथल्या दुकानात धान्य मिळते, तेही मागा. एकटा मागेल त्याला खोली सोडायला सांगतील. ओळीतल्या सगळ्यांनी मिळून मागावी.

शेतमालाला भाव मिळाला तर जमीन विकण्याची पाळी येणार नाही, हे तर आपण म्हणतोच. पण विकण्याची पाळी आलीच, तर शेतकऱ्याने मापाचे फूट हातात घेऊन बसावे. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या शिवारातल्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांची यादी घेऊन यावे. त्या यादीवरून बोलणी सुरू करू.