लाळ नको, बेडका द्या

(महिला ग्रामसंघाच्या सभेतील बोलणे)



दोन आठवडे खोकला राहिला की टीबीची तपासणी करायची, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी आपण म्हणतो, “लावणी उरकू दे, मग बघू.” तोवर आजार घरात पसरतो.

आता तपासणी सोपी झालीय. गोव्यातल्या कंपनीचं ‘ट्रूनॅट’ यंत्र बॅटरीवर चालतं, एसी खोली लागत नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही ते मान्य केलं.

जंतू घट्ट बेडक्यात दडलेले असतात. आधी औषध घालून बेडका पातळ करतात. मग एक यंत्र जंतू फोडून त्यातला डीएनए धुऊन वेगळा काढतं. पूर्वी याला मोठी प्रयोगशाळा आणि तरबेज हात लागायचे. आता २० मिनिटांत आपोआप होतं. दुसरं यंत्र छोट्या चिपवर टीबी आहे का ते तपासतं. सगळं मिळून साधारण तासाभराचं काम.

पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नुसती लाळ दिली, तर आजार असूनही ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. म्हणून सकाळी चूळ भरा, मोकळ्या जागी उभ्या राहा, खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून डबीत बेडका काढा.

सरकारी दवाखान्यात तपासणी, औषधं मोफत आहेत. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात.

बचतीचा हप्ता चुकला की आपण त्या ताईच्या घरी जातो ना? तसंच खोकल्याचंही विचारा. तिला बाजूला बसवू नका; आशाताईंना घेऊन तपासणीला न्या.