'थांबा' कोण म्हणणार?

समुद्रात काम करणाऱ्याला 'भितोस का?' एवढं विचारलं की पुरे. मग तो हेल्मेट विसरतो, पट्टा विसरतो. भिंतीवर लावलेले सगळे नियम या दोन शब्दांपुढे लटके पडतात. पण माणूस धोका दरवेळी मस्तीतच पत्करतो असं नाही. कधी तो मायेपोटीही पत्करतो.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशीच्या पावसानं मुंबई बुडालेली. तिकडे मुंबई हायजवळ 'समुद्र सुरक्षा' (नाव पाहा!) या जहाजावर एका आचाऱ्याची बोटं कापली. हवा वाईट, हेलिकॉप्टर मिळेना. उपचारासाठी त्याला प्लॅटफॉर्मवर न्यायचं ठरलं. खवळलेल्या समुद्रात जहाज जवळ नेलं. आचारी क्रेनच्या पाळण्यातून वर पोचला आणि जहाज रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळाकडून तेल-वायू वर आणणारा उभा पाइप. वायू पेटला. दोनेक तासांत प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली.

तिथं 'थांबा' कोण म्हणणार? जखमी सोबत्यासाठी धडपडणाऱ्यांना अडवणारा निर्दयच वाटणार. त्यात कंत्राटी कामगाराच्या डोक्यात वेगळाच हिशेब: बोललो, तर पुढच्या खेपेला आपलं नाव यादीत येईल का? हल्ली अनेक कंपन्या कामगाराला काम थांबवण्याचा हक्क लेखी देतात. चांगलंच आहे. मला बघायचंय ते एवढंच, की एखाद्यानं तो हक्क वापरला, काम थांबलं आणि धोका काही निघालाच नाही, तर रात्री जेवायला त्याच्या शेजारी कोण बसतं.